भिंतीची जाडी

भगतजी गेल्याची चिठ्ठी समुद्रपूरच्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरने आणून दिली. आमच्या जिल्ह्यात तारेच्या आधी एसटी पोचते, त्यामुळे कंडक्टरच्या खिशात अशा चार-दोन चिठ्ठ्या असतातच. मी कार्यालयात जायला निघाले होते. पिशवीत डबा, चष्म्याचं घर आणि दिवसाच्या कामांची यादी. चिठ्ठी वहिनींनी, म्हणजे भगतजींच्या पत्नीने, शेजारच्या मुलीकडून लिहून घेतली होती: ‘पहाटे हे गेले. दुपारनंतर नेणार. जमलं तर यावं.’ मी ती उंबरठ्यावर उभी राहून दोनदा वाचली. आणि खरं सांगायचं तर मनात पहिला आला तो दुःखाचा विचार नव्हता. ‘आता ते वही मागणार नाहीत,’ असा तो विचार होता... त्याला आता सहा आठवडे झाले. हा लेख मी त्या विचारापायी लिहिते आहे.

गोविंदराव भगत हे वर्ध्याच्या एका सरकारी बांधकाम कार्यालयात आरेखक होते. इमारतींचे, पुलांचे, रस्त्याखालच्या मोऱ्यांचे नकाशे काढणं हे त्यांचं काम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे कारकून म्हणून लागले, तेव्हा ते चाळिशीच्या आसपास असतील. मी बी.ए. होऊन आलेली, शेतकऱ्याच्या घरातली पहिली नोकरदार मुलगी, आणि पहिल्याच आठवड्यात माझं अक्षर पाहून साहेबांनी कपाळाला हात लावला. ‘हिला भगतजींकडे बसवा,’ असा हुकूम झाला. भगतजींनी मला शाई आणि ट्रेसिंगचं कापड दिलं आणि महिनाभर फक्त एक अक्षर काढायला लावलं. ‘क’चा गोल आधी, दांडी मागून. माझा ‘क’ आजही तसाच येतो. कार्यालयातल्या शंभर कागदांत माझा कागद कोणता, ते त्या ‘क’वरून कोणीही सांगू शकतं. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवते.

त्यांच्या नकाशांची एक खोड होती. दाराशेजारी मापासाठी माणूस काढायची पद्धत असते. बाकीचे आरेखक काडीचा माणूस काढून मोकळे होत. भगतजींचा माणूस कायम एकच असे: डोक्याला मुंडासं, हातात काठी, किंचित वाकलेला. सरकारी दवाखाना असो की तहसील, दारात हाच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘हा माहा बाप. गावचा कोतवाल होता. साऱ्या सरकारी इमारतीच्या बाहेर उभा राह्यला जिंदगीभर. मी त्याले दारात आणला.’ आणि पुन्हा शाईत पेन बुडवलं. छप्पन साली त्यांच्या घराण्याने बौद्ध धम्म घेतला. त्याआधीचं लहानपण गावाबाहेरच्या गवताच्या झोपडीत गेलेलं. त्याबद्दल ते फार बोलत नसत. बोललेच तर मोजमापं सांगत. एवढी लांब, एवढी रुंद, दार एवढं बुटकं.

इंग्लंडमधल्या दगडी घरांचं त्यांचं वेड मला कळलं ते एका पुस्तकामुळे. साहेबी काळातलं एक कपाट रिकामं करताना ते निघालं होतं. पुठ्ठा नाही, पहिली पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे नाव-गाव काही नाही. आत नुसती चित्रं आणि त्यांच्याखाली बारीक इंग्रजी. तिथल्या खेड्यांतली शोभिवंत घरं. मधाच्या रंगाच्या दगडाच्या भिंती. काहींच्या छपरावर कौलांच्या जागी दगडाच्याच चपट्या फरश्या, वळचणीपाशी मोठ्या आणि वर आढ्याकडे लहान लहान होत गेलेल्या. काहींवर हातभर जाडीचं गवत, कात्रीने कापल्यासारखं सरळ, आढ्यावर गवताचीच नक्षी. तिकोनी भिंतींच्या कडांना कोरीव लाकडी झालर. ओसरीला साल न काढलेल्या झाडाचे खांब. प्रत्येक घराची धुराडी वेगळ्या घाटाची. आणि खिडकीच्या डोक्यावर दगडाची बाहेर काढलेली पट्टी, दोन्ही टोकांना खाली वळलेली. भगतजी तिला भुवई म्हणत. पावसाचं पाणी काचेवर न येता बाजूला गळून जावं म्हणून ती असते, हे त्यांनी चित्र पाहून ओळखलं. खालची इंग्रजी ओळ मी नंतर वाचली, तर तेच लिहिलेलं.

त्यांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं होतं, माझी रेघ सरळ येत नव्हती. म्हणून मधल्या सुट्टीत आमचा करार झाला. आठवड्याला एक चित्र. मी शब्दकोश घेऊन ओळी लावायच्या, त्यांनी ते चित्र कापडावर उतरवायचं. शब्दांची यादी अर्थातच मी ठेवली. ती अजून आहे, दोनशेच्या वर शब्द भरले. एका चित्राने मात्र आमचा आठवडा खराब केला. हिरव्या मैदानाभोवती नऊ-दहा घरं, प्रत्येक मुद्दाम वेगळं. खाली लिहिलं होतं की एका जमीनदाराने आपल्या म्हाताऱ्या नोकरांसाठी ती बांधून दिली, आणि कौलं परवडत असतानाही छपरं गवताचीच ठेवली, कारण गवताने घर साधंभोळं आणि गोड दिसतं. मी वाचून दाखवलं. भगतजींनी पेन खाली ठेवलं.

‘पुन्हा वाचा बरं, ताई.’

मी पुन्हा वाचलं.

‘म्हंजे गरिबी शोभेले ठेवली त्यानं.’ त्यांनी चित्रातल्या गवतावर बोट ठेवलं. ‘आमच्या झोपडीवरचं गवत पाहाले कोनी आलं नाई कधी.’

मला वाटलं, आता हे पुस्तक बंद होणार. मी तसं म्हटलंही. तर म्हणाले, ‘काऊन बंद? छप्पर त्यानं सोतासाठी टाकलं, पाहाले बरं दिसावं म्हनून. पण भिंत पाहा ना. भिंत राहनाऱ्याची आहे. दगडाची भिंत, दीड हात जाड. आत बसलेल्या म्हाताऱ्याले थंडी नाई लागत अन् धनी आला तं हादरत नाई. मले ते भिंत पाहिजे.’ आणि पुढे कितीतरी वेळा, कोणत्याही नव्या चित्रावर, ते आधी बोट ठेवत ते खिडकीच्या कडेवर, जिथे भिंतीची जाडी दिसते तिथे.

‘गवती बंगला’ आम्हाला सापडला तो याच पुस्तकामुळे. कारंजा घाडगेच्या पुढे, जुन्या सडकेवर, आमच्याच कार्यालयाच्या ताब्यातली एक छोटी इमारत होती. सडकेचं काम पाहणाऱ्या कोण्या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली. रजिस्टरात तिच्यासमोर ‘विश्रामगृह, जुने’ एवढंच लिहिलेलं. तिकडच्या पुलाच्या कामावर गेलेले भगतजी परतले ते थेट माझ्या टेबलाशी. ‘ताई, पुस्तकातलं घर कारंज्याले आहे.’ मला वाटलं, उन्हामुळे बोलताहेत. पुढच्या रविवारी आम्ही दोघं आणि वहिनी एसटीने गेलो. वहिनींनी भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून घेतलं होतं; माझ्या पिशवीत टेप, दोन पेन्सिली, खोडरबर आणि मोजणीसाठी लाल कापडी बांधणीची लांबट वही.

घर खरंच पुस्तकातलं होतं, फक्त रंग बदललेला. मधाच्या जागी आपला काळा दगड. पण भुवया त्याच, दगडातूनच कोरून काढलेल्या. तिकोनी भिंत, तिला सागवानी झालर, अर्धी तुटलेली. ओसरीला साल न काढता लावलेले खांब. साल केव्हाच गळालेली, खांब शाबूत. वर तिकडच्या माळावरच्याच गवताचं जाड छप्पर, आणि छपरातून वर आलेलं दगडी धुराडं. चौकीदार पुंजाराम नावाचा म्हातारा होता. तो कमरेवर हात ठेवून आमची मोजणी बघत होता.

‘साहेब, मले एक सांगा,’ तो भगतजींना म्हणाला, ‘कारंज्याच्या उन्हात धुराडं काऊन बांधलं असन ना त्यानं?’

‘थंडी वाजत असन त्याले.’

‘इथं? मे महिन्यात अंडं उकडते जमिनीवर!’

‘मनात वाजते कोना-कोनाले,’ भगतजी म्हणाले.

पुंजारामने मान हलवली. ‘बरंच झालं बापा. माह्या कोंबड्या बसतात त्यात. एक नाई नेली मुंगसानं आजलोक.’ वहिनी हसून हसून ओसरीवर बसल्या.

दिवसभर टेपचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. ते आकडा सांगत, मी मोठ्याने परत म्हणत असे आणि मग लिहीत असे, म्हणजे चूक होत नाही. खिडकीत बसून त्यांनी भिंतीची जाडी मोजली. एक फूट दहा इंच. दोन फुटाला दोन इंच कमी. त्यांनी पुन्हा मोजली, मग टेप बाजूला ठेवून वीत लावून मोजली, मग त्या दगडावर तळहात ठेवून बसून राहिले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तिथे गार होतं. ‘ताई, शेरा लिहा,’ ते म्हणाले. मी त्या पानाच्या शेवटी लिहिलं: ‘बांधकाम दगडी, पक्के, उत्तम स्थितीत. छप्पर तेवढे शाकारावे.’ खाली तारीख घातली. सही केली. मी प्रत्येक पानावर सही करते.

या मोजणीवरून सावकाश एक पूर्ण नकाशा काढायचा आणि तो जोडून वर अर्ज करायचा की ही इमारत जपावी, असं ठरलं होतं. पण सरकारी नोकरीत सावकाश म्हणजे कधी, याला यादी नसते. आणीबाणी आली, गेली. भगतजींची बदली धरणाच्या कामावर झाली आणि ते महिनोन् महिने बाहेर राहू लागले. माझं लग्न झालं, मुली झाल्या. मी इमारतींच्या शाखेत आले आणि माझ्या याद्यांची कार्यालयात ख्याती झाली. कोणती फाइल कुठे आहे ते मला विचारायचं. ‘ताईकडून कागद हरवत नाई’ असं शिपाईसुद्धा सांगायचे. मला ते आवडायचं.

ऐंशीनंतर केव्हातरी वरून एक छापील तक्ता आला. जुन्या इमारतींची यादी करा, ज्या ठेवायच्या नाहीत त्या निर्लेखित करा, म्हणजे कागदावरून काढून टाका आणि मग पाडा. तक्त्यात छपराच्या प्रकाराचा रकाना होता, आणि खाली सूचना की गवताचं, कुडाचं वा पाल्याचं छप्पर असेल तर इमारत कच्ची धरावी. कच्ची आणि जुनी असेल तर निर्लेखन. भिंतीचा रकाना नव्हता. शेवटी ‘शेरा’ असा एक रुंद रकाना होता. यादी संध्याकाळपर्यंत हवी होती. माझ्या बढतीचे कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होते. मी पट्टीने ओळी आखल्या आणि रजिस्टर उघडून भरायला लागले. कारंज्याच्या ओळीशी आले. छप्पर: गवत. इमारत: कच्ची.

मला आठवलं नाही, असं मी सांगू शकले असते. मी स्वतःलाही बरीच वर्षं तेच सांगितलं. पण पेन थांबलं होतं... दगड, ती गार खिडकी, धुराड्यातल्या कोंबड्या, सगळं आठवलं. शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द लिहायचे होते: ‘भिंत दगडी, पक्की.’ पण मग साहेब म्हणणार, तक्त्यात बसत नाही तर ही ओळ वेगळी काढा, पाहणी करा, अहवाल जोडा. म्हणजे यादी आज जाणार नाही. मी शेऱ्यात आडवी रेघ मारली आणि पुढच्या ओळीवर गेले. जेवणाच्या सुट्टीआधी तीन पानं पूर्ण झाली. साहेबांनी न वाचता सही केली, आणि म्हणाले, ‘ताई, तुम्ही आहात म्हणून चाललं आहे.’

पाडकाम कधी झालं ते मी पाहिलं नाही. दगड कुठल्याशा मोरीच्या कामाला गेले, एवढं फाइलीत वाचलं. त्यानंतर काही महिन्यांनी भगतजी कार्यालयात आले. धरणाच्या कामावरून परतताना कारंज्याला उतरून, पुढे चालत गेले होते. सदऱ्यावर धूळ होती. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

‘गेलतो मी तिकडं. ताई... बंगला कुठं गेला?’

‘यादीत होता,’ मी म्हटलं.

‘कोनाच्या यादीत?’

‘वरून तक्ता आला होता.’

हे खोटं नव्हतं. असं खरं बोलायला कार्यालयात फार लवकर शिकता येतं. ते भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘पुंजाराम रडून राह्यला होता. म्हने, साहेब, पाच दिवस लागले पाडाले. कच्चं असतं तं एका दिवसात पडलं असतं.’ आणि थोड्या वेळाने: ‘ते आपली लाल वही द्या, ताई. निदान कागदावर तं उभं करतो.’

मी म्हटलं, ‘सापडत नाही, भगतजी. शाखा बदलली तेव्हाच्या सामानात कुठे गेली, कोण जाणे.’

वही घरी लोखंडी पेटीत होती. त्या पेटीच्या झाकणाला आतून मी सामानाची यादी चिकटवलेली आहे. वही अकराव्या क्रमांकावर. पण त्या वहीत माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, माझ्याच तारखेने लिहिलेलं होतं की बांधकाम पक्कं आणि उत्तम आहे. ती बाहेर आली असती आणि तक्त्याशेजारी कोणी ठेवली असती, तर मला माहीत असून मी ‘कच्ची’ लिहिलं हे स्पष्ट झालं असतं. बढतीचा आदेश तोवर आला नव्हता. भगतजी माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. नकाशातली एखादी रेघ दुसऱ्या रेघेला मिळत नसली की ते जसे पाहत, तसे.

‘तुमच्यापासून बी वस्तू हरवते?’ एवढंच म्हणाले आणि उठले.

दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते निवृत्त होऊन समुद्रपूरला राहायला गेल्यावर, पोस्टकार्डावर. बाकी सगळी खुशाली, कपाशीचं कसं आहे, धाकटीचं लग्न ठरलं, आणि शेवटी: ‘वही मिळाल्यास कळवावे.’ मी उत्तरात लग्नाला येते असं कळवलं. गेलेही. आहेर दिला, पंगतीत वाढलं, वहीचा विषय निघाला नाही. त्या पोस्टकार्डाला मी ‘उत्तर दिले’ अशी खूण केली होती. माझ्या पद्धतीप्रमाणे ते काम संपलेलं होतं.

शेवटची भेट या वर्षीच्या संक्रांतीनंतरची. त्यांचा हात थरथरायला लागल्याचं कोणीतरी सांगितलं, म्हणून तिळाचे लाडू घेऊन गेले होते. समुद्रपूरचं त्यांचं घर दोन खोल्यांचं, विटांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी ड्रॉइंग बोर्ड, निवृत्तीच्या वेळी कार्यालयाने मोडीत काढलेला, त्यांनी मागून आणलेला. मी दारात दिसताच त्यांनी बोर्डावर चादर ओढली. वहिनी चहाला आत गेल्या.

‘काय काढता आहात?’

‘काई नाई. हात थरथरते, तं त्याले कामाले लावून ठेवतो. एक रेघ काढाले सकाळ जाते.’ मग माझ्या चष्म्याकडे पाहून म्हणाले, ‘डोळे कसे आहेत तुमचे, ताई? बारीक आकडा दिसते ना अजून?’

दिसतो म्हटलं. ‘बरं आहे,’ म्हणाले. मी वाट पाहत होते, आता वहीचं विचारतील. या वेळी सांगून टाकायचं, असं मी एसटीत ठरवलं होतं. त्या दिवसाच्या यादीत लिहिलंही होतं, लाडू, मलम, मग ‘वही’. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. चारच्या गाडीने परत आले आणि ती ओळ दुसऱ्या दिवसाच्या यादीत उतरवली. मग तिसऱ्या...

भगतजींच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले, तेव्हा सगळे उठल्यावर वहिनींनी कोपऱ्यातून पत्र्याचं एक नळकांडं आणून माझ्या हातात दिलं. ‘हे तुमाले द्याचं होतं. ताईले तपासाले दे, म्हनून राह्यले होते मांगच्या महिन्यापासून.’

घरी येऊन मी टेबल मोकळं केलं, कागद उलगडला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. गवती बंगला होता. पुढून, बाजूने, वरून, आणि मधोमध कापून दाखवलेला. भुवया, झालर, सालीचे खांब, गवताची कड. रेघा जागोजागी थरथरलेल्या होत्या, कुठे शाईचा थेंब खरवडल्याची खूण. धुराड्यात, भिंगातून पाहावी लागावी एवढी, एक कोंबडी. दारात मुंडासं घातलेला माणूस, काठी टेकवून. या वेळी वाकलेला नव्हता. मी पेटी उघडली. वही काढली आणि एकेक आकडा जुळवत गेले. माझं ते कामच आहे. वही नसताना, इतक्या वर्षांनी, निव्वळ आठवणीवरून त्यांनी सगळी मापं घातली होती. दोन ठिकाणी एकेक इंच चुकलं होतं, बाकी सगळं बरोबर.

फक्त कापून दाखवलेल्या चित्रात, खिडकीपाशी, एक मापरेघ होती. दोन्ही टोकांना बाण. मध्ये आकडा नव्हता.

भिंतीची जाडी. जी त्यांनी टेपने दोनदा आणि वितीने एकदा मोजली होती. जी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगत. कागदाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘काढले’समोर गो. भगत, आणि खाली ‘तपासले’समोर जागा मोकळी.

पुढच्या रविवारी मी वही आणि नकाशा घेऊन समुद्रपूरला गेले. वहिनी भाजी निवडत होत्या. मी समोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: तक्ता, शेऱ्यातली रेघ, वही, पोस्टकार्ड. त्यांचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावरही त्या मेथीच्या काड्या मोडत होत्या.

‘त्यायले मालूम होतं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्याच कचेरीत कोन्या बाबूनं ते यादी दाखवली त्यायले. घरी आले अन् म्हने, कच्ची लिहिलं आहे, अन् ‘क’ माह्या हातचा आहे.’

‘मग मला बोलले का नाहीत, वहिनी?’

‘ते काऊन बोलतीन? बोलाचं तुमाले होतं.’ आता त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘अन् हे मले काऊन सांगून राह्यल्या? त्यायले सांगाचं होतं. संक्रांतीले आलत्या ना तुमी? तुमी गेल्यावर विचारलं त्यायनं मले, ताईनं पिशवीतून काई काढलं का म्हनून. लाडू काढले, म्हटलं.’

त्यांनी उठून चहा ठेवला, मला कपात दिला, स्वतः घेतला नाही. मग ड्रॉइंग बोर्डावरची चादर काढून हाताने धूळ पुसली आणि म्हणाल्या, ‘तपासलं ना? मंग टाका सही. कागद असा अर्धा नाई ठेवत ते.’

त्यांच्या स्टुलावर बसून, त्यांच्याच पेनने मी बाणांच्या मध्ये आकडा लिहिला: एक फूट दहा इंच. ‘तपासले’समोर सही केली, त्या दिवसाची तारीख घातली; मागची घालावी असं क्षणभर वाटलं, पण नाही घातली. शेऱ्याचा रकाना त्या नकाशात नव्हता. वहिनींनी कागद खिडकीशेजारच्या भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकला. आता तिथे खिडकीतून येणारा उजेड आधी त्या दारातल्या माणसावर पडतो.

लाल वही मी बोर्डावर ठेवून आले. घरी येऊन पेटी उघडली आणि झाकणावरच्या यादीतली अकरावी ओळ पट्टी लावून खोडली. यादीतली ओळ खोडली की हलकं वाटतं, असा माझा आजवरचा अनुभव होता.